ड्रॉइंगवरची सही

मोटारीचे पत्र्याचे अंग गणिताच्या साहाय्याने निश्चित करण्याची रीत रूढ होण्यापूर्वी, त्या अंगाचा खरा आकार नेमका कोठे आहे या प्रश्नाला कारखान्यात एकमुखी उत्तर मिळत नसे. कलावंताच्या चित्रात तो एक असे, त्यावरून घडविलेल्या मातीच्या प्रतिकृतीत थोडा निराळा असे, आरेखकाच्या कागदावर तिसराच उतरलेला असे, आणि साचा करणाऱ्याच्या हाती ज्या लाकडी नमुन्यावरून काम येई तो नमुना तर हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगे व आकसे. त्यामुळे तंटा उत्पन्न झाला म्हणजे ज्याचा अधिकार मोठा त्याचा आकार खरा, असा निवाडा होऊन काम पुढे सरके. रेनो कंपनीतील अभियंते पिएर बेझिए यांनी १९६० नंतरच्या दशकात वक्रांचे व वक्रपृष्ठांचे जे गणित व्यवहारात आणले, त्यामागे हा तंटा कायमचा मिटावा, चित्रकारापासून साचा कापणाऱ्या यंत्रापर्यंत सर्वांनी एकाच आकड्यांचा हवाला द्यावा, ही निकड होती. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांना हाच मार्ग १९५९ मध्ये गवसला होता. परंतु कंपनीने तो गुपित ठेवल्यामुळे वक्रांना नाव बेझिए यांचे पडले.

प्रस्तुत ग्रंथाचा विषय औद्योगिक संकल्पनात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांचा उपयोग हा असताना प्रस्तावनेचा आरंभ इतक्या जुन्या तंट्यापासून करण्यास कारण आहे. त्या गणिताने आकाराची नोंद पक्की झाली. तो आकार तसा का आहे, याची नोंद मात्र झाली नाही. भिंत अडीच मिलिमीटर जाड आहे हे संगणकाच्या दप्तरात निःसंदिग्धपणे लिहिलेले सापडते. ती दोन मिलिमीटर का नको, हे ज्याने ठरविले त्याच्या डोक्यात राहते, आणि तो नोकरी सोडून गेला म्हणजे त्याच्याबरोबर जाते. एजंटांच्या आगमनाने ही उणीव, जी आजवर केवळ गैरसोयीची होती, ती धोक्याची झाली आहे. या ग्रंथात जे काही सांगितले आहे ते याच एका जाणिवेतून सांगितले आहे, असे मी समजतो.

यंत्राला रेषेऐवजी संबंध सांगण्याची कल्पना नवी नाही. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सादर केलेल्या प्रबंधात ‘स्केचपॅड’ नावाची जी रचना सिद्ध केली, तीत प्रकाशलेखणीने पडद्यावर ओबडधोबड रेषा ओढून ‘या दोन समांतर असाव्यात’, ‘या दोन सारख्या लांबीच्या असाव्यात’ अशा अटी घातल्या, की यंत्र ती आकृती त्या अटींत बसवून देई. पुढे १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सॅम्युएल गाइसबर्ग यांच्या पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजी कॉर्पोरेशनने ‘प्रो-इंजिनिअर’ बाजारात आणले, आणि भोक काठापासून अमुक अंतरावर, खाच जाडीच्या निम्मी, असे परस्परसंबंध वस्तूच्या घन आकृतीत कायमचे गुंफण्याची सोय सर्वत्र झाली. त्यानंतर भार कोठे पडणार, आधार कोठे आहे, पदार्थ कोणता, एवढेच सांगावे व आकार यंत्राने शोधावा, ही पायरी आली. जनरल मोटर्सने २०१८ मध्ये ऑटोडेस्कच्या अशा साधनाने आसनाचा एक ब्रॅकेट तयार करविला. पूर्वी आठ तुकडे जोडून होणारा तो भाग एकसंध झाला, चाळीस टक्के हलका व वीस टक्के अधिक मजबूत ठरला. यंत्राने दीडशेहून अधिक पर्याय पुढे ठेवले होते, ही गोष्ट मला त्या टक्केवारीहून महत्त्वाची वाटते. कारण दीडशेंतून एक निवडताना ज्या कसोट्या वापरल्या गेल्या असतील, त्या यंत्रास आधी सांगता आल्या असत्या तर दीडशे पर्याय निघालेच नसते. प्रत्येक पायरीवर संकल्पकाला आपल्या मनातील गोष्ट थोडी अधिक उघड करून सांगावी लागली आहे, आणि प्रत्येक पायरीवर काही भाग न सांगितलेला राहिला आहे.

एजंट ही याच जिन्याची पुढची पायरी. नुसते भाषा-मॉडेल प्रश्नाला उत्तर लिहून देते व थांबते. एजंटाच्या हाती साधने दिलेली असतात. तो फाइल उघडतो, तिच्यातील फीचर्सचा क्रम वाचतो, माप बदलण्यासाठी लहानसा प्रोग्राम लिहितो व चालवितो, आकृती फिरवून तिचे चित्र घेतो, ताणांची गणना करविणाऱ्या दुसऱ्या साधनास काम सोपवितो, आलेला निकाल किंवा आलेली चूक वाचतो, आणि त्यावरून पुढचे पाऊल ठरवितो. हे चक्र उद्दिष्ट साधेपर्यंत किंवा घातलेली मर्यादा येईपर्यंत चालते. अशी साधने मॉडेलला एकाच ठरावीक पद्धतीने जोडता यावीत म्हणून अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ खुला केला. त्याच महिन्यात ‘फ्रीकॅड’ या विनामूल्य व पायथॉन भाषेतून हुकूम घेणाऱ्या प्रणालीची पहिली पूर्ण आवृत्तीही बाहेर पडली. मोठ्या परवाना-शुल्काच्या प्रणाली ज्यांच्या आवाक्याबाहेर आहेत अशा लहान कारखानदारालाही यामुळे हा प्रयोग घरच्या घरी करता येतो.

आता एक काम जवळून पाहू. समजा, घरगुती मिक्सरचे एबीएस प्लास्टिकचे मुख्य आवरण आहे, ज्याच्या आत मोटार बसते, भिंत २.५ मिलिमीटर, आतून आधाराला दिलेल्या रिब १.५ मिलिमीटर, आणि काठाशी दुसरे आवरण बसावे म्हणून भिंतीच्या निम्म्या जाडीची, म्हणजे १.२५ मिलिमीटरची पायरी, जिच्या कोपऱ्याला १.२ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई दिलेली आहे. एजंटाला सांगितले, ‘बाहेरचा आकार न बदलता भिंत २ मिलिमीटर करून माल वाचव.’ तो भिंतीचे माप बदलतो. पायरी आपोआप १ मिलिमीटरची होते, तीत १.२ ची गोलाई मावत नाही, आकृती पुन्हा बांधताना चूक दिसते. एजंट ती चूक वाचतो, गोलाई ०.८ करतो, आकृती बांधली जाते. मग तो घनफळ मोजतो, भिंतीपुरता माल पाचव्या हिश्श्याने घटल्याचे पाहतो, साच्यातून भाग सुटावा म्हणून उभ्या बाजूंना दिलेला ड्राफ्ट कायम आहे याची खात्री करतो, आणि काम पूर्ण झाल्याचे कळवितो. सगळे काही मिनिटांत झाले. नव्याने लागलेल्या आरेखकाचा यात अर्धा दिवस गेला असता, आणि तोही बहुधा याच मार्गाने गेला असता.

परंतु १.५ मिलिमीटरची रिब अडीच मिलिमीटर भिंतीच्या साठ टक्के होती, ती आता दोन मिलिमीटर भिंतीच्या पंचाहत्तर टक्के झाली आहे. रिब भिंतीला जेथे मिळते तेथे प्लास्टिकचा जाड गोळा राहतो, तो उशिरा निवतो, निवताना आकसतो आणि समोरच्या बाहेरील पृष्ठभागाला आत ओढतो. म्हणून रिब भिंतीच्या निम्मी ते साठ टक्के ठेवण्याचा प्रघात आहे. चकचकीत पांढऱ्या आवरणावर आता प्रत्येक रिबच्या पाठीमागे सिंक मार्क उमटेल, आणि दुकानातील गिऱ्हाईक ते यंत्र बोटाने चाचपून बाजूला ठेवील. काठाची गोलाई घटल्यामुळे तेथे ताण एकवटेल, आणि ओट्यावरून पडल्यावर आवरण जर तडकलेच तर तेथून तडकेल. भिंत आतून पातळ केल्यामुळे आतल्या पृष्ठभागावरून मापलेले बॉस, म्हणजे मोटार बसविण्याचे उंचवटे, अर्धा मिलिमीटर सरकले, त्यांवर बसणारी मोटार सरकली, आणि भांड्याखालच्या कपलरची पकड बदलली. या तिन्ही गोष्टी भोसरीतील कोणत्याही जाणत्या टूलरूममधल्या मिस्त्रीने ड्रॉइंग हातात घेताच सांगितल्या असत्या. एजंटाने यांतली एकही अट मोडली नाही, कारण यांतली एकही अट कोठे लिहिलेलीच नव्हती.

येथे कोणी म्हणेल की प्लास्टिकच्या भागांचे हे नियम पुस्तकांत छापलेले आहेत, भाषा-मॉडेलने ती पुस्तके वाचलेली आहेत, तेव्हा पुढच्या आवृत्तीत एजंट हे नियम आपणहून पाळील. रिबच्या बाबतीत ते खरे ठरेल. आजही सूचना नीट दिली तर तो ते पाळतो. पण कपलरची पकड कोणत्याही पुस्तकात छापलेली नाही, ती त्या एका मिक्सरची खाजगी गोष्ट आहे, आणि औद्योगिक वस्तूंतील निम्म्याहून अधिक शहाणपण अशाच खाजगी गोष्टींचे असते. जे सांगितलेले नाही त्याच्या जागी एजंट सर्वसाधारण रूढी घालतो. रूढी पुष्कळ वेळा चालून जाते, आणि म्हणूनच ती जेथे चालत नाही ती जागा नजरेतून निसटते.

भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याने १९५८ मध्ये जो अहवाल दिला, व ज्यातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय संकल्पन संस्था १९६१ मध्ये उभी राहिली, त्यात त्यांनी आपल्याकडील लोट्याविषयी लिहिलेला भाग संकल्पनाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. लोटा नव्याने घडवायचा झाल्यास कोणकोणते प्रश्न विचारावे लागतील, याची मोठी यादीच त्यांनी केली: त्यात किती द्रव राहावा, उचलणारे हात कोणाचे, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला असताना तोल कोठे व रिकामा असताना कोठे, ओतताना धार कशी पडावी, आतून घासता यावा म्हणून तोंड केवढे असावे. कोणा एका माणसाने लोटा घडविलेला नाही, अनेक पिढ्यांनी तो हळूहळू घासून आणला, म्हणून हे प्रश्न कोणी कधी लिहून ठेवले नाहीत आणि त्यांवाचून काही अडलेही नाही. आपल्यापाशी तेवढ्या पिढ्या नाहीत. नवे मॉडेल पुढच्या दिवाळीपूर्वी बाजारात यायचे असते. एजंटाला द्यायचे हेतुपत्रक म्हणजे अशा प्रश्नांची त्या त्या वस्तूपुरती, आकड्यांनिशी लिहिलेली उत्तरे होत. मुंबईस पवई येथे भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ पासून औद्योगिक संकल्पन केंद्र चालू आहे. तेथे किंवा अन्यत्र शिकून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला वस्तू सुंदर रेखता येते. तिच्या प्रत्येक मापाचे कारण दोन ओळींत लिहिता येणे हे यापुढे तितक्याच मोलाचे कौशल्य ठरणार आहे, आणि ते शिकविण्याकडे आपल्या अभ्यासक्रमांनी आतापासून लक्ष द्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हेतू लिहून दिला तरी तपासणीचा प्रश्न उरतो. एजंटाने ‘झाले’ म्हणून कळविणे आणि काम झालेले असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. भाषा-मॉडेलची आकृतीतील जागेची व दिशेची समज अजून कच्ची आहे; पडद्यावरील चित्र पाहून ‘भोक मध्यावर आहे’ असे एजंट आत्मविश्वासाने लिहितो, आणि भोक तीन मिलिमीटर बाजूला असते. एक तांत्रिक अडचण तर याहून खोल आहे. घन आकृतीतील पृष्ठांना व कडांना प्रणाली आतल्या आत क्रमांक देते, आणि मागचे एखादे फीचर बदलले की ते क्रमांक इकडचे तिकडे होऊ शकतात. सहाव्या पृष्ठावर पाडायला सांगितलेले भोक मग निमूटपणे दुसऱ्याच भिंतीत पडते. माणूस हे पाहताक्षणी ओळखतो. केवळ क्रमांकावर विसंबणाऱ्या एजंटाला ते कळत नाही. फ्रीकॅडच्या पूर्वोक्त आवृत्तीत या दोषावर पुष्कळ काम झाले आहे, तरी तो समूळ गेला असे धरून चालू नये. यास्तव माप एजंटाच्या निवेदनावरून घेऊ नये, भूमितीचे गणित करणाऱ्या मूळ यंत्रणेकडून घ्यावे. जाडीची तपासणी, ड्राफ्टची तपासणी, दोन भाग एकमेकांत घुसतात काय याची तपासणी, या सर्वांचे प्रोग्राम काम सुरू होण्यापूर्वी माणसाने निश्चित करावेत. आणि ते प्रोग्राम बदलण्याचा अधिकार एजंटाला असता कामा नये. संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या एजंटांच्या बाबतीत, चाचणी उतरत नाही म्हणून त्यांनी चाचणीच सैल केल्याचे प्रकार घडलेले आहेत. त्यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. चाचणी उतरावी एवढेच त्यांना सांगितलेले होते.

यावरून अधिकाराच्या प्रश्नाकडे यावे लागते. ज्याप्रमाणे जमिनीच्या व्यवहारात मुखत्याराला कोणते अधिकार दिले ते मुखत्यारपत्रात कलमवार लिहिलेले असते, आणि कुलमुखत्यारी देताना शहाणा मनुष्य दहा वेळा विचार करतो, त्याप्रमाणे एजंटालाही काय करता येईल हे आधी लिहून ठरविले पाहिजे. वाचण्याची मुभा मोकळी असावी. बदल मूळ फाइलच्या प्रतीवरच व्हावेत. कारखान्याकडे रवाना झालेली आवृत्ती त्याच्या हाताबाहेर ठेवावी. प्रत्येक बदलाची कारणासह नोंद व्हावी, आणि ती नोंद बदलपत्रकाच्या रूढ नमुन्यातच असावी, म्हणजे पुढे दप्तर चाळणाऱ्याला माणसाचा बदल कोणता व यंत्राचा कोणता हे एका नजरेत कळेल. पुरवठादाराला परस्पर ड्रॉइंग पाठविणे, सीएनसी यंत्राला परस्पर काम लावणे, या गोष्टींना आज तरी परवानगी नसावी. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यातील चौकटीत ‘काढले’, ‘तपासले’ व ‘मंजूर’ अशा तीन जागा असतात. पहिल्या जागेपाशी एजंटाचा उल्लेख येण्यास माझी हरकत नाही. दुसऱ्या व तिसऱ्या जागी, ज्याला जाब विचारता येतो, ज्याला साच्याची नुकसानी व गिऱ्हाइकाची इजा दोन्ही लागू होतात, अशा माणसाची सही हवी, आणि ती सही करण्याइतका वेळ त्याला मिळाला पाहिजे. वीस ड्रॉइंगे तपासणाऱ्याकडे एजंटामुळे दोनशे येऊ लागली आणि वेळ तेवढाच राहिला, तर सही राहील व तपासणी जाईल. हे भय मला काल्पनिक वाटत नाही.

गुप्ततेविषयी थोडक्यात. पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज येथील असंख्य लघुउद्योगांतील ड्रॉइंगे त्यांच्या स्वतःच्या मालकीची नसतात. मोठ्या कंपनीने करार करून विश्वासाने दिलेली असतात. मोठी भाषा-मॉडेले बहुधा दूरच्या सर्व्हरवर चालतात, आणि एजंटाला फाइल वाचू देणे म्हणजे त्या फाइलमधील मजकूर तेथवर जाऊ देणे होय. करारात याला वाव आहे की नाही हे पाहिल्याशिवाय कोणीही पुढे जाऊ नये.

सर्वांत अधिक चिंता मला शिकाऊ मुलांची वाटते. आयटीआय किंवा पदविका उत्तीर्ण होऊन लागलेला मुलगा पहिली एक-दोन वर्षे मापे घालणे, भागांची यादी करणे, जुन्या ड्रॉइंगांतील लहान बदल उतरविणे, हीच कामे करतो. त्याचे काम तांबड्या खुणांनी भरून परत येते, आणि त्या खुणांतूनच त्याची नजर घडते. आज जो ‘तपासले’ म्हणून सही करतो तो काल याच मेजावर तांबड्या खुणा सोशीत बसलेला होता. एजंट नेमकी हीच पहिली कामे उचलतो. ती त्याला दिल्याने या महिन्याचा पगार वाचेल. दहा वर्षांनी त्याचे काम तपासणारा माणूस कोठून आणावयाचा, याचे उत्तर मात्र पगारपत्रकात सापडणार नाही. यावर एक उपाय ग्रंथात सविस्तर मांडला आहे व तो मला पटतो. बदलाचा हुकूम एजंटाला देण्यापूर्वी शिकाऊ मुलाने, या बदलाने आणखी काय काय बिघडेल, हे आपल्या हाताने कागदावर लिहावे. मग एजंटाचे काम व तपासणीचे निकाल पाहून दोन्ही ताडून घ्यावेत, आणि चुकलेल्या अंदाजावर वरिष्ठाने त्याच्याशी बोलावे. यात वेळ जातो. हा वेळ शिक्षणाचा आहे, आणि तो वाचवू नये.

याच ठिकाणी एक आशेची गोष्टही सांगितली पाहिजे. आपल्या टूलरूममध्ये तीस-तीस वर्षे काढलेले असे मिस्त्री आहेत, ज्यांना साचा पाहताच कळते की या कोपऱ्यात हवा कोंडणार, येथे इजेक्टर पिनचा ठसा दर्शनी बाजूस उमटणार, या कडेला फ्लॅश येणार. हे ज्ञान त्यांनी कधी लिहिले नाही. प्रणालींची भाषा इंग्रजी, अहवालांची भाषा इंग्रजी, आणि त्यांची भाषा मराठी, तीही कोअर, कॅव्हिटी, पार्टिंग लाइन या शब्दांसह कारखान्यात घडलेली मराठी. आजची भाषा-मॉडेले ही मिश्र मराठी बऱ्यापैकी समजतात. मिस्त्रीने साच्यापाशी उभे राहून बोलावे, ते शब्द लिहून घेतले जावेत, त्याने वाचून दुरुस्त करावेत, आणि त्याच्या नावानिशी ते त्या वस्तूच्या हेतुपत्रकात दाखल व्हावेत, ही व्यवस्था आज अशक्य राहिलेली नाही. पुढचा एजंट ती नोंद वाचून भिंत पातळ करण्याआधी थांबेल. पण त्याहून मोठी गोष्ट ही की पुढचा मनुष्यही ती वाचील. इतकी वर्षे जे ज्ञान निवृत्तीच्या दिवशी फाटकाबाहेर जात होते, ते प्रथमच दप्तरात राहील.

ग्रंथाची पहिली प्रकरणे घन आकृतीचे गणित व फीचर्सचा क्रम समजावून देतात. ज्यांचा या प्रणालींशी रोजचा परिचय आहे त्यांनी ती चाळून पुढे जावे. मधली प्रकरणे एजंटाला साधने जोडण्याची, तपासण्या रचण्याची व अधिकारांची यादी करण्याची आहेत, आणि ती संगणकापाशी बसूनच वाचण्याजोगी आहेत. त्यांना हात घालण्यापूर्वी वाचकाने आपल्या कारखान्यातील एक साधा भाग निवडावा, एखादे झाकण किंवा ब्रॅकेट. त्याची सर्व मापे व्हर्नियरने घ्यावीत, आणि प्रत्येक मापापुढे ते तसे का आहे हे मराठीत लिहावे. जेथे कारण माहीत नसेल तेथे जागा कोरी ठेवून, ज्याला ते माहीत असेल त्या माणसाकडे जाऊन विचारावे. पहिल्या प्रयोगात एजंटाच्या हाती द्यायचे ते हेच पत्रक.